आधी शिवणाऱ्यानं बसायचं

"मशीनला कुठं ठाऊक असतं, त्याच्या टाक्याला कोण लोंबतंय ते?"

"आणि सुईला ठाऊक असतं?"

"सुईला नसेल. तुला असतं ना."

दोन सख्खे भाऊ भांडत होते आणि कॅनव्हासच्या ढिगाआड एक लहान पोर झोपेचं सोंग घेऊन पडली होती. तीच पोर पुढं सगळ्या गल्लीची आत्या झाली. तेव्हा तिला आत्या म्हणायला अजून कुणी जन्मलं नव्हतं. दुपारी तिला कामाच्या खोलीत आणून टाकायचे, कारण तिथं गार असायचं आणि दोऱ्याला चोळायच्या मेणाच्या वासानं तिला झोप लागायची. त्या दिवशीही डोळ्यांवर झापड आलेली. म्हणून ते भांडण तिला जन्मभर आठवलं ते असं, अर्धं झोपेत बुडालेलं. आवाज दोघांचे, माणसं मात्र दिसत नाहीत. मध्ये जाड कापडाची भिंत, आणि तिच्यातून झिरपणारं पिवळं ऊन.

भांडण होतं एका शिलाई मशीनवरून.

घरचा धंदा असा की, उंच इमारतींना बाहेरून रंग देणारे रंगारी गच्चीवरून दोर सोडतात आणि त्या दोरांना अडकवलेल्या झोळीवजा आसनावर बसून भिंतीशी लोंबत काम करतात. त्या आसनाला सगळे नुसतं 'बैठक' म्हणायचे. दुहेरी जाड कॅनव्हास, कडांना चामडं, बुडाखालून जाणारे चामड्याचे पट्टे आणि पट्ट्यांच्या टोकांना लोखंडी कड्या. थोरला भाऊ, म्हणजे पोरीचे बाबा, बैठका शिवायचे. धाकटा, म्हणजे काका, त्यावर बसायचे. जगाची वाटणी त्यांनी तशी करून घेतली होती. एकानं जमीन घेतली, एकानं हवा.

तर बाबांना मशीन हवं होतं. काचेमागं ठेवलेलं एक काळं, जाडजूड मशीन त्यांच्या मनात भरलं होतं.

"हात जातायत रे माझे," बाबा म्हणत होते. "दिवसभर आरीनं भोकं पाड, एकाच भोकातून दोन्ही बाजूंनी सुया घाल, ओढ. संध्याकाळी घास तोंडापर्यंत पोचत नाही."

"तुझे हात जातायत. माझा जीवच जाईल."

"म्हणजे मी काय मुद्दाम करणारे?"

"मुद्दाम कोण म्हणतंय? मशीनचा टाका म्हणजे काय, तर वरचा एक दोरा आणि खालचा एक दोरा, एकमेकांच्या गळ्यात गळा. एक तुटला की दुसरा सैल, आणि मग बनियन उसवावं तशी सगळी ओळ सरसर जाते. तुझ्या हातच्या टाक्याचं तसं नाही. एक तुटला तर शेजारचा म्हणतो, तू जा, मी आहे."

"सगळं जग मशीनवर शिवतंय."

"शिवू दे की. जग लोंबतंय का माझ्यासारखं?"

मग कप खाली ठेवल्याचा आवाज आला आणि काकांची पावलं बाहेर गेली. बाबा बराच वेळ काहीच शिवत नव्हते. पोरीला खरोखरच झोप लागली.

बाबांनी मशीन घेतलं नाही. काकांना माफही केलं नाही. दोघं पुढं कित्येक वर्षं एकमेकांशी बोलले नाहीत, पण बैठक मात्र बाबाच शिवत राहिले आणि काका तिच्यावरच बसत राहिले. शिवून झाली की पोर ती काखोटीला मारून काकांकडं पोचती करायची. कधी काका स्वतः खोलीत यायचे, तेव्हा तर मजाच. दोघं हाताच्या अंतरावर बसलेले, आणि मध्ये ही.

"सांग तुझ्या काकाला, उजवी कडी बदललीय."

"सांग तुझ्या बापाला, मला डोळे आहेत."

"आणि हेही सांग, पोट कमी कर म्हणावं. बैठक शिवलीय, पलंग नाही."

पोर तोंड उघडायच्या आतच काका हसू दाबत खिडकीबाहेर बघायचे. बाबांच्या खांद्यावरूनही कळायचं की तेही हसतायत. पण बोलायचं नाही म्हणजे नाही.

एक रीत मात्र भांडणाआधीपासून होती आणि भांडणानंतरही राहिली. नवी बैठक झाली की ती खोलीतल्या तुळईच्या कड्यांना टांगायची, आणि आधी शिवणाऱ्यानं बसायचं. बसून चहा प्यायचा. घाईघाईनं नव्हे, अगदी सावकाश, तळ दिसेपर्यंत. कप रिकामा झाला आणि माणूस अजून वरच असला, की बैठक पास. बाबा डोळे मिटून चहा प्यायचे आणि हळूहळू झुलायचे. पोरीला वाटायचं, बाबा कुठंतरी गेलेत आणि कप तेवढा इथं राहिलाय.

काका म्हातारे होऊन गेले ते गादीवर, खोकल्यानं, जमिनीपासून वीतभर उंचीवर. बाबा त्यांच्या उशाशी बसले आणि म्हणाले, "बघ, पडला नाहीस." एवढंच बोलले. इतक्या वर्षांत तेवढं एक वाक्य.

आत्याचं पुढं लग्न झालं, संसार झाला, तो आटोपलाही. त्याबद्दल ती फारसं बोलायची नाही, आणि विचारलं तर म्हणायची, "बरा होता. घोरायचा." मग ती बाबांच्या खोलीत परत आली आणि त्यांच्याच बुटक्या स्टुलावर बसून बैठका शिवू लागली. हात बाबांचा होता तिचा. टाके लांब, एकसारखे, तिरके, जणू मुंग्या एका ओळीनं कामाला निघाल्यात.

काकांचा मुलगा रंगारी झालाच नाही, त्याला जिना चढताना सुद्धा गरगरायचं. हवेचं वेड एक पिढी ओलांडून त्याच्या मुलात उतरलं. हा नातू, आत्याचा भाचा, लहानपणापासून काटकुळा, भिंत दिसली की चिकटणारा. गल्लीनं त्याचं नाव पाकोळी ठेवलं होतं. बाजारात तयार पट्टे मिळायला लागले होते, चकचकीत, चापवाले. पाकोळी ते कमरेला बांधायचा, बांधावेच लागायचे. पण बूड टेकायचं ते आत्याच्या बैठकीवर. "दिवसभर बसायचंय गं आत्या," तो म्हणायचा. "ते पट्टे नुसते धरतात. तुझी बैठक मांडीवर घेते."

गंमत अशी की आत्याला स्वतःला उंचीची भीती. खुर्चीवर चढून माळ्यावरचं काढायचं तरी ती शेजारणीला हाक मारायची. पाकोळी काम करताना तिनं कधी मान वर करून पाहिलं नाही. बैठक हातात द्यायची आणि पाठ फिरवायची. पण चहाच्या वेळी, जमिनीपासून चार बोटं वर झुलताना, तिला सगळं दिसायचं. पाय अधांतरी आले की खोलीची फरशी हळूच खाली सरकायची, मग अजून खाली, स्टूल आगपेटीएवढं, दोऱ्याची रिळं मण्यांएवढी. खिडकीतून येणारा वारा उंचावरचा वाटायचा. आणि कुठूनतरी काका म्हणायचे, सांग तुझ्या बापाला, बरी शिवलीय. चहा संपेपर्यंत हे चालायचं. मग ती पाय टेकवायची आणि फरशी निमूटपणे जागेवर यायची.

असं किती वर्षं चाललं असतं कुणास ठाऊक. पण तिचा उजवा अंगठा झोपला.

आधी नुसत्या मुंग्या यायच्या. मग एके दिवशी सुई टोचली आणि रक्त दिसल्यावर तिला कळलं. टाका घट्ट बसला की नाही हे डोळ्यांना कळत नाही, अंगठ्याला कळतं. दोरा ओढता ओढता एका जागी तो 'बस' म्हणतो. तिच्या अंगठ्याचं ते 'बस' म्हणणं थांबलं. शिवून झालेली बैठक तिनं उन्हात धरली, तर मधले तीन-चार टाके हसत होते. टाका हसतो म्हणजे दात विचकल्यासारखा सैल दिसतो. ती बैठक तिनं पूर्ण उसवली. पुन्हा शिवली. पुन्हा कुठंतरी हसलीच.

तिनं कुणाला सांगितलं नाही. पण पाकोळीच्या बायकोच्या, म्हणजे भाचेसुनेच्या, नजरेतून काही सुटत नसे. ती खोलीच्या उंबऱ्यात उभी राहून बोलायची, आत कधी यायची नाही. आत बैठक टांगलेली असायची आणि तिच्याकडं बघितलं की तिला नवरा दिसायचा.

"आत्या, तुम्ही कालपासून तीच शिवताय."

"मन लागत नाही."

"मन की हात?"

आत्यानं अंगठा मुठीत घेतला.

"बाकीच्या बायकांचा जीव कधीमधी टांगणीला लागतो," भाचेसून म्हणाली. "माझा रोज सकाळी लागतो आणि संध्याकाळी उतरतो. मला तुम्ही खरं सांगा. नाहीतर मी त्यांना सांगते, हे काम सोडा म्हणून. जमिनीवरच्या भिंतींनाही रंग लागतोच."

"सांगून बघितलंस का कधी?"

"हो. म्हणाले, आत्याची बैठक आहे तोवर जाईन. ज्या दिवशी ती म्हणेल नाही, त्या दिवशी उतरेन."

हे आत्याला माहीत नव्हतं. तिनं अंगठ्याकडं पाहिलं, अंगठ्यानं काही पाहिलं नाही. 'नाही' म्हणावं तर पोरगं जमिनीवर सुकणार, पाण्याबाहेर काढल्यासारखं. 'हो' म्हणावं तर कशाच्या भरवशावर? दुपारभर ती तशीच बसून राहिली. ऊन पायापाशी आलं, गुडघ्यावर चढलं, उतरून गेलं. शेवटी ती उठली आणि बाबांचं जे काचेमागं राहून गेलं होतं ते शोधायला निघाली.

तिनं एक तुकडा तयार केला होता. दोन थर चामडं, त्यात घडी घातलेला कॅनव्हास, कडेला अजून एक दुमड. बैठकीच्या कोपऱ्यात सगळ्यात जाड जागा जशी असते तशीच. तो पिशवीत घालून ती पहिल्या दुकानात गेली. तिथं दिवेच दिवे. पांढरी मशीनं रांगेत, कपडे धुऊन वाळत घातल्यासारखी. इस्त्रीच्या शर्टातला विक्रेता पुढं आला.

"या काकू. हे घ्या. भरतकाम करतं, काज करतं, बटण दाबलं की बदकांची रांग काढतं."

"माझ्याकडं बदकं बसणार नाहीत," आत्या म्हणाली आणि तुकडा पुढं केला.

मशीननं पहिला टाका कण्हत घेतला. दुसऱ्याला सुई वाकली आणि तिसऱ्याला टणकन तुटून विक्रेत्याच्या खिशावर आदळली.

"काकू, हे काय आणलंत तुम्ही, रस्ता?"

"रस्ताच समज. माझा भाचा जातो त्याच्यावरून."

दुसरं दुकान कारखान्याच्या मशीनांचं. तिथलं मशीन टेबलात गाडलेलं, खाली मोठी मोटर. तिनं पायाचा नुसता अंगठा टेकवला, तर मांजराच्या शेपटीवर पाय पडावा तसं ते किंचाळलं आणि तिनं पापणी मिटून उघडेपर्यंत तुकडा पलीकडून बाहेर. टाके होते, सरळही होते. पण कुठला टाका कधी पडला हे तिला कळलंच नव्हतं. सुई हाताला चटका देण्याइतकी तापलेली. आणि वरचं चामडं पुढं ढकललं जाऊन खालच्या कॅनव्हासपासून बोटभर सरकलं होतं.

"वेग बघितलात?" दुकानदार म्हणाला.

"वेगच बघितला. शिलाई बघायची राहिली."

तिसरी जागा दुकान नव्हतंच. एका जुन्या गोदामात एक म्हातारा मोडकी-दुरुस्त मशीनं विकायचा. आत अंधुक, वर धुळीच्या काचेतून उजेडाच्या दोन-तीन तिरप्या पट्ट्या, आणि चादरी पांघरून उभी असलेली मशीनं, जणू गोठ्यात जनावरं उभ्याउभ्या झोपलीत. आत्या आपोआप हळू चालायला लागली.

"काय शिवायचंय?" म्हाताऱ्यानं खुर्चीतूनच विचारलं.

"ज्याच्यावर माणूस बसतो ते."

म्हाताऱ्यानं तिच्याकडं बघितलं, मग उठून एका कोपऱ्यातली चादर ओढली. खाली काळं, जाड मानेचं मशीन. बाबांच्या काचेमागचंच नसेल, पण त्या घराण्यातलं. मागं मोटर लावलेली, पण चाक भलं मोठं, हातानंही फिरायचं. बॉबिन लिंबाएवढी, म्हणजे जाड दोरा त्यात मावायचा. आत्यानं तुकडा ठेवला आणि चाक फिरवलं.

टुक.

सुई खाली गेली, थर ओलांडून आरपार. आणि मग तिनं जे पाहिलं ते आधीच्या दोन दुकानांत नव्हतं. कापड दाबून धरणारा वरचा पाय नुसता दाबून बसला नाही. त्यानं टाच उचलली, सुईबरोबर एक पाऊल पुढं टाकलं आणि पुन्हा टेकला. वरचं चामडं आणि खालचा कॅनव्हास हात धरून एकत्र सरकले.

टुक. पाऊल. टुक. पाऊल. म्हातारी बाई भरलेली घागर घेऊन चिखलातून जाते तसं.

"चालतंय की हे," आत्या म्हणाली.

"चालतं. पळत नाही."

ती चाक फिरवत राहिली. तुकडा संपला तर उलटा घालून परत. काका, बाबा, पिवळं ऊन, सगळं त्या टुक-टुकीत येऊन बसलं. किती वेळ गेला कळलं नाही. मान वर केली तेव्हा उजेडाच्या पट्ट्या भिंतीवर चढल्या होत्या आणि म्हाताऱ्याची हनुवटी छातीवर टेकली होती.

तिनं तुकडा तपासला. खालचा टाका वरच्यासारखा. थरांच्या कडा जुळलेल्या. सुईबद्दल तिनं खाकरून विचारलं, तर म्हातारा डोळे न उघडता म्हणाला, "चामड्याच्या सुईला टोकाशी पातं असतं, ती कॅनव्हासचे धागे कापते. तुम्हाला गोल टोकाची, जाड लागेल. आणि टाका लांब ठेवा."

"मोटर लावलीय ती काढून द्या."

आता त्यानं डोळे उघडले. "लोक लावून मागतात."

"लोकांना घाई असेल."

मशीन घरी आलं. पाकोळीनं आणि शेजारच्या हमालानं ते खोलीत ठेवलं, खिडकीपाशी, बाबांच्या स्टुलासमोर. पाकोळीनं चाक एकदा फिरवून पाहिलं आणि म्हणाला, "आजोबा असते तर उठून गेले असते."

"गेले होते," आत्या म्हणाली.

पहिली बैठक शिवताना तिची झोप उडाली होती. हाताच्या प्रत्येक टाक्याला ती ओळखायची. याच्या टाक्यांशी अजून ओळख नव्हती. ओळख नसली की माणूस एकाच्या जागी चार नोकर ठेवतो, तसं तिचं झालं. म्हातारा 'लांब' म्हणाला होता, आयुष्यभर ती स्वतः लांबच घालत आली होती, तरी तिनं टाका बारीक केला. मग अजून बारीक. एका ओळीशेजारी दुसरी ओळ घातली, दुसरीशेजारी तिसरी. कडा अशी दिसू लागली की बघणाऱ्यानं म्हणावं, काय नक्षी केलीय.

बैठक टांगली. चहा केला. बसली.

आणि काय सांगावं, त्या दिवशी फरशी कधी नव्हे इतकी खाली गेली. खिडकीतून ढगाचं एक टोक आत आलं आणि मशीनच्या चाकावर टेकलं. स्टूल दिसेना, रिळं दिसेनात. बाबा खाली कुठंतरी बारीक, वर बघत उभे. काका शेजारच्या दोरावर, मांडीवर ब्रश आडवा ठेवून. दोघं तिच्याकडं बघत होते. चहा अर्धा झाला होता.

फर्र.

आवाज कापड फाटल्याचा नव्हता, वहीचं पान काढल्यासारखा होता. पुढच्या क्षणी आत्या फरशीवर होती. ढग गेला, फरशी जागेवर, चहा मांडीवर.

भाचेसून धावत आली ती पहिल्यांदाच उंबरा ओलांडून थेट आत.

"आत्या, लागलं का?"

"मला नाही. चहाला लागलं."

"थट्टा सुचतेय तुम्हाला? हे त्यांच्या बाबतीत झालं असतं म्हणजे?"

"कसं होईल? आधी मी बसते ना."

भाचेसून फडकं आणायला वळली होती, ती थांबली. "दर वेळी बसता तुम्ही?"

"शिवणाऱ्यानं आधी बसायचं. चहा संपेपर्यंत."

"मला वाटायचं, तुम्ही झुलताय." ती हळूच म्हणाली. "मी म्हणायची, माझ्या जिवाचं पाणी होतंय आणि या बघा, झोके घेतायत."

मग दोघी फरशीवरच बसल्या. भाचेसुनेनं फाटलेला पट्टा हातात घेतला, उलटसुलट केला, खिडकीशी धरला. बारीक भोकांच्या ओळीतून ऊन ठिपक्या-ठिपक्यांनी तिच्या तोंडावर पडलं.

"आत्या, दोरा कुठंच तुटलेला नाही. बघा. चामडं सुटलंय. तिकीट फाडायला भोकांची ओळ असते ना, तसं."

आत्यानं पाहिलं. खरंच होतं. दोरा सगळा शाबूत, एकही टाका हसत नव्हता. जितकी भीती तितकी भोकं, आणि भोकं इतकी जवळ की मध्ये धरायला चामडंच उरलं नव्हतं. मशीननं बिचाऱ्यानं सांगितलं तेवढंच केलं होतं.

"म्हणजे काका चुकले आणि बाबाही चुकले," आत्या म्हणाली. "दोघं दोऱ्यावरून भांडले. चामड्याला कुणी विचारलंच नाही."

दुसऱ्या दिवशी तिनं टाका लांब केला, हाताच्या टाक्याइतका. आणि काकांची शंका तिनं टाकून दिली नाही. सलग एक ओळ शिवण्याऐवजी आखूड-आखूड ओळी घातल्या, प्रत्येकीची टोकं वेगळी बांधली. एक ओळ उसवली तर ती तिथंच थांबेल, शेजारची म्हणेल, तू जा, मी आहे. उरले कड्यांजवळचे कोपरे. तिथं सगळा भार. तिथं तिला हातचाच टाका हवा होता, आणि अंगठा तर झोपलेला.

भाचेसून पुन्हा उंबऱ्यात उभी होती. या वेळी ती आपणहून आत आली आणि स्टुलाशेजारी बसली.

"माझा अंगठा जागा आहे," ती म्हणाली.

आत्यानं तिच्या हातात दोन सुया दिल्या. एकाच भोकातून एक इकडून, एक तिकडून. "ओढ. अजून. नवऱ्याचा राग आठव आणि ओढ."

"मग चामडं फाटेल."

"बरं, निम्मा राग आठव. आता अंगठा काय म्हणतो?"

भाचेसून ओढता ओढता थांबली. तिचे डोळे बारीक झाले, कुणी लांबून हाक मारल्यासारखे. "बस म्हणतो," ती म्हणाली.

"मग बस."

बैठक झाली. आधी आत्या बसली, पूर्ण कप संपवला. मग रीतीप्रमाणे दुसऱ्या शिवणारीलाही बसावं लागलं. भाचेसून बसली ती डोळे गच्च मिटून, दोन्ही हातांनी दोर धरून, कप आत्याच्या हातात. आत्या तिला घोट घोट पाजत होती. अर्ध्यात तिनं एक हात सोडला. मग दुसरा. मग कप स्वतःच घेतला आणि तळ दिसल्यावरही बराच वेळ उतरली नाही.

"काय दिसलं?" आत्यानं विचारलं.

"काही नाही," ती म्हणाली. पण तिचा चेहरा अजून वरच होता.

पाकोळीनं बैठक उन्हात धरून पाहिली. कोपऱ्यापाशी त्याचं बोट थांबलं.

"हा हात तुझा नाही, आत्या."

"हिचा आहे."

त्यानं बायकोकडं पाहिलं. ती दोऱ्याची टोकं वेचत होती, मान वर करेना.

"म्हणजे आता घरी भांडलो तर कामावर जायचं नाही," तो म्हणाला.

"भांडायचं असेल तर बैठक होण्याआधी भांडा," ती खालीच बघत म्हणाली. आणि काम सोडा, हे ती त्यानंतर म्हणाली नाही. सकाळी जीव टांगणीला लागायचा तो लागतच राहिला, पण दोर कुठं बांधलाय ते आता तिला ठाऊक होतं.

तसे पुढं पुष्कळ हंगाम गेले. टुक, पाऊल, टुक, पाऊल. गल्लीतल्या लोकांना दुपारी तो आवाज आला नाही तर झोप लागायची नाही. हळूहळू चाकावरही भाचेसूनच बसायला लागली. आत्याकडं उरला चहा, आणि बैठक पोचवायचं काम. ते मात्र तिनं कुणाला दिलं नाही.

तिचा शेवटचा फेरा झाला तोही असाच, रोजच्यासारखा. सकाळी नवी बैठक तिनं काखोटीला मारली, वाटेत मेणवाल्याकडून मेणाचा गोळा घेतला, वास घेऊन पाहिला, एक परत केला, दुसरा घेतला. त्या उंच इमारतीच्या पायथ्याशी पाकोळी थांबला होता. आता त्याचे कल्ले पांढरे झाले होते.

"उजवी कडी नवीन आहे," ती म्हणाली.

"दिसतंय मला."

"आणि पोट कमी कर."

"बरं, आत्या."

त्यानं बैठक घेतली आणि गच्चीकडं गेला. तिनं पाठ फिरवली. थोड्या वेळानं दोर भिंतीला घासल्याचा आवाज आला, पण तिनं मान वर केली नाही. तिच्यासमोर रस्त्यावर ऊन होतं, आणि उन्हात त्याची सावली पडली होती. भिंतीची मोठी, आणि तिच्या कडेला लहानशी, झुलणारी, मांडीवर ब्रश आडवा घेतलेली. त्या सावलीवर पाय पडू नये म्हणून आत्या नेहमीसारखी थोडा वळसा घालून, कडेकडेनं, मेणाचा गोळा हातात धरून घरी गेली.